आधी शून्य दाखवा, मग गुडघा मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अंगावर घालायच्या लवचिक सेन्सरविषयी पानभर मजकूर आला होता. गुडघ्याला, मनगटाला, छातीला पट्टा बांधायचा आणि हालचाल, श्वास, नाडी सगळं मोबाइलवर बघायचं, असा एकूण सूर. तो वाचून मला तीन फोन आले, कारण मी जन्मभर ताण मोजायचंच काम केलंय हे ओळखीतल्या लोकांना माहीत आहे. तिसरा फोन मेव्हण्याचा. म्हणाला, "दाजी, पोरीचं बारावीचं टेन्शन त्यात कळतंय का ओ?"

त्याची चूक नाही. मथळ्यात आपणच 'तणाव मोजणारा पट्टा' असं छापलं होतं. हा ताण मनाचा नव्हे, वस्तूचा. ओढली की वस्तू मूळ लांबीच्या मानाने किती लांबली, एवढाच हिशेब. दहा सेंटिमीटरची पट्टी अकरा झाली, म्हणजे दहा टक्के. शाळेच्या पुस्तकात याला 'विकृती' म्हणतात, पण तो शब्द मथळ्यात घातला असता तर मेव्हण्याने आणखी भलतंच विचारलं असतं. तेव्हा ते असो.

मी काटेवाला. 1983 साली तरफांच्या जुन्या वजनकाट्यांवर हेल्पर म्हणून लागलो, पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले तसा त्यात शिरलो. साखर कारखान्यांचे, भुसाराच्या गोदामांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले असे किती वे-ब्रिज, म्हणजे अख्खी गाडी तोलायचे काटे, उघडले याची मोजदाद नाही. आता चौसष्टावं चालू आहे. धंदा मुलगा बघतो, मी अडल्यावर जातो.

पन्नास टनी काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली पोलादाचे ठोकळे असतात, त्यांना लोड सेल म्हणतात. उसाची डबल ट्रॉली वर चढली की ते पोलाद दबतं. किती? पुरा भार आला तरी हजारात एखादा भाग. डोळ्याला काही दिसत नाही. पण त्या पोलादावर चिंचोक्याएवढी एक पिवळट पातळ पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यात कॉन्स्टंटन नावाच्या तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नागमोडी रेघ असते. पोलादाबरोबर ती रेघही ताणते किंवा दबते आणि तिचा विजेचा रोध बदलतो. 350 ओहमच्या पट्टीत हा बदल जेमतेम 0.7 ओहमचा. त्या पाऊण ओहमच्या आत शेतकऱ्याचा सगळा ऊस बसतो. अशा चार पट्ट्या चौकात जोडल्या की रोधातला बारीक बदल पकडणारं आमचं ब्रिज सर्किट तयार झालं. ताणली की तारेचा रोध बदलतो हे लॉर्ड केल्विनने 1856 मध्ये दाखवलं. 1938 मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांना पत्ता नसताना, तार चिकटवून पट्टी केली. यातला रूज भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांवर किती जोर येतो हे शोधत होता. माझं घर त्याच पट्टीवर उभं राहिलं, म्हणून एवढं सांगितलं.

ही धातूची पट्टी माणसाच्या सांध्यावर मात्र चालत नाही. का चालत नाही, ते घरी करून बघा. तर्जनी सरळ धरा, मधल्या पेराच्या वरच्या बाजूला बॉलपेनने दोन सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्या. आता मूठ आवळा आणि पट्टीने मोजा. अंतर अडीचच्या आसपास गेलेलं दिसेल. म्हणजे कातडी पंचवीस टक्के लांबली. गुडघ्यावर ती याहून जास्त ताणते. धातूची रेघ पाचेक टक्क्यांच्या आतच तुटते. म्हणून अंगावरच्या सेन्सरला रबर लागतं.

रबरातून वीज जात नाही, मग त्यात कोळशाची बारीक पूड, म्हणजे कार्बन, मिसळतात. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या वाटेवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, तसे ते कण रबरात एकमेकांना चिकटून असतात. या टोकाकडून त्या टोकाला निरोप सहज पोचतो. रबर ताणलं की गर्दी विरळ होते, काहींचे खांदे सुटतात, निरोप अडखळतो. तो किती अडखळला, म्हणजे रोध किती वाढला, यावरून पट्टा किती ताणला ते कळतं. कोणी साध्या कार्बनऐवजी त्याच्या अतिसूक्ष्म नळ्या वापरतं, कोणी ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अतिपातळ पापुद्रा, कोणी चांदीचे तंतू. डब्लिन आणि इंग्लंडातल्या सरे इथल्या संशोधकांनी 2014 मध्ये तर दुकानात मिळणाऱ्या रबरबँडमध्ये ग्राफीन मुरवून श्वास आणि नाडी टिपून दाखवली. कल्पनाही आजची नव्हे. 1953 मध्ये व्हिटनी नावाच्या शास्त्रज्ञाने पारा भरलेली बारीक रबरी नळी पोटरीभोवती गुंडाळून पायातल्या रक्ताचा हिशेब केला होता. आता पाऱ्याच्या जागी गॅलियम आणि इंडियमचा द्रवधातू भरतात. त्यात पाऱ्यासारखं विष नाही.

हे सगळं मला मनापासून आवडलेलं आहे, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारा नव्या गोष्टींवर चिडलाय असं वाटेल. चिडण्याचं कारण वेगळं आहे.

आमच्या घरच्यांनी, म्हणजे बायकोने, सव्वीस वर्षं बिड्या वळल्या. मांडी घालून, सूप मांडीवर, दिवसाला हजाराचा हिशेब. त्या मांडीने दोन्ही गुडघे खाल्ले. फेब्रुवारीच्या शेवटी डाव्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन अर्धं आमचं, अर्धं तुमचं. पहिले सहा आठवडे रोज वाकवलात तर वाकेल, नाहीतर आतून धरून बसेल. म्हणून शहरातल्या एका व्यायाम-उपचार केंद्रात नाव घातलं. सुरुवातीला रोज जायचं ठरलं. रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे रुपये.

तिथे आम्हाला तो पट्टा भाड्याने मिळाला, डिपॉझिट वेगळं. काळी इलॅस्टिकची नळी, गुडघ्यावर चढवायची. वाटीच्या बरोबर वर राखाडी, किंचित चिकट लागणारी बोटभर रुंद पट्टी शिवलेली. तिच्या दोन टोकांना दोन टिचबटणं, त्यांवर बिडीच्या बंडलाएवढी डबी चपकन बसते. डबी मोबाइलशी बोलते आणि पडद्यावर हिरव्या आकड्यात येतं, गुडघा अमुक अंश वाकला. पहिल्या दिवशी आला 78. सून रोज संध्याकाळी तो आकडा कॅलेंडरवर लिहायची. 81, 83, 86. आठवड्याने 91 आला तेव्हा घरात साखर वाटली. एप्रिल उजाडता उजाडता 104.

केंद्रातल्या मुलाने त्यांच्या कॉम्प्युटरवर तोच आकडा बघितला आणि म्हणाला, "काकू, छान प्रगती आहे, आता आठवड्यातून एकदाच या." आम्ही खूश. रिक्षाचे पैसेही वाचले.

पण ही उठता-बसता कण्हायचीच. संडासात कमोडवर बसताना पाय पुढे लांबवून बसायची. एकशे चार अंश वाकणारा गुडघा असा वागत नाही. मी एक-दोनदा म्हटलं, तर म्हणाली, "अवं, तुमच्या फोनला जास्त कळतंय का माझ्या गुडघ्याला?" यावर मी काय बोलणार?

शंका आली ती एका दुपारी. बाहेर त्रेचाळीस, घरात पत्रा. ही पाय पसरून पलंगावर पडली होती, पाय अगदी सरळ, टाचेखाली उशी. पट्टा अंगावरच होता. फोनवर आकडा होता 13.

संपादकसाहेब, रिकाम्या काट्याने चारशे किलो दाखवल्यावर काटेवाल्याला जे वाटतं, ते मला त्या क्षणी वाटलं. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो: प्लॅटफॉर्म झाडा, काट्यावरून खाली उतरा, शून्य बघा. शून्य सरकलेलं असेल तर पुढचं वजन लिहायचंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जुनी पेटी काढली. सुताराचा गुण्या घेतला. दोन फळ्या बिजागरीने जोडल्या, वर जुन्या सायकलच्या ट्यूबचं आवरण घालून मांडी-पोटरीचा आकार दिला आणि पट्टा त्यावर चढवला. गुण्या लावून फळ्या बरोबर काटकोनात अडकवल्या. सकाळी सातला पट्टा म्हणाला 91. ठीक. फळ्या न हलवता दुपारी दोनला बघितलं, 102. रात्री दहाला 95. फळ्यांना ना सूज होती, ना त्यांनी व्यायाम केला होता. रबर उन्हाने फुगलं, कण एकमेकांपासून सरकले, रोध वाढला, आणि डबीला वाटलं गुडघा वाकला. लोड सेलवर कॉन्स्टंटन वापरतात ते याचसाठी, उन्हाने त्याचा रोध जवळजवळ हलत नाही. कोळसा-रबराला ती सवय नाही.

मग डबी काढून टिचबटणांवर थेट मल्टिमीटर धरला. फळ्या सरळ असताना 14 किलोओहम. काटकोनात 31. तशाच धरून ठेवल्या तर दहा मिनिटांत 28 वर उतरला. पुन्हा सरळ केल्या तर 14 ला आलाच नाही, 16 वर रेंगाळला आणि मग हळूहळू साडेचौदापर्यंत गेला. रबर मऊ असतं, ओढलं की आत कुठेतरी सैलावतं, सोडलं तरी लगेच जागेवर येत नाही. त्यामुळे काटकोनाकडे जाताना एक आकडा आणि काटकोनाच्या पुढे जाऊन परत काटकोनात आलं की दुसरा. माझ्या फळ्यांवर हा फरक सात-आठ अंशांचा भरला. आम्हीही काट्यावर वजनं चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळचे आकडे लिहितो ते उगाच नाही.

घामाचं तर वेगळंच. मिठाच्या पाण्याचा एक थेंब बटणांच्या मध्ये टाकला तर रोध पडला, म्हणजे आकडा कमी झाला. त्यामुळे ऊन आकडा चढवतं, घाम पाडतो, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये दोन्ही एकदमच असतात. सुनेने एकदा पट्टा निरम्यात चोळून धुतला होता (घालून घालून वास मारायला लागला होता, तिचं बरोबरच होतं), तेव्हापासून सरळ पायाचं शून्यच वर जाऊन बसलं होतं. कॅलेंडरवरची तारीख बघितली. 86 वरून 91 ची उडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

ती साखर आम्ही निरम्याच्या नावाने वाटली होती.

मग आमच्या गल्लीतल्या एकाच्या ओळखीने एका जुन्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांच्याकडे यंत्र काही नाही. प्लास्टिकचा मोठा कोनमापक, दोन लांब हात असलेला, गोनिओमीटर म्हणतात. त्यांनी बोटाने चाचपून मांडीच्या हाडाचं बाहेरचं खालचं टोक शोधलं, तिथे मध्य ठेवला. एक हात खुब्याच्या उंचवट्याकडे, दुसरा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. हिला म्हणाल्या, वाकवा, अजून, अजून थोडं. ती कळवळली. बाईंनी वाचलं, 84. पुन्हा एकदा घेतलं, 85. म्हणाल्या, "या मापातही तीन-चार अंश इकडे-तिकडे होतात काका, पण वीस नाही होत." पाच आठवडे उलटून गेले होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या काही आठवड्यांत नव्वदच्या पुढे गेलं नाही तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल. तेवढं टळलं, पण ते टळलं त्या बाईंच्या रोजच्या पंचेचाळीस मिनिटांमुळे आणि हिच्या ओरडण्यामुळे. तीन आठवडे आमचे फुकट गेले ते गेलेच.

केंद्राला विचारलं. त्यांनी कंपनीच्या माणसाशी बोलणं करून दिलं. तो म्हणाला, कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खऱ्या मापाशी जुळवणं, फॅक्टरीत झालेलं आहे. मी विचारलं, कधी? किती तापमानाला? किती वेळा ताणल्यानंतर? त्याने मला ईमेल पाठवायला सांगितलं. मी खोकं उलटून बघितलं. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, फिटनेससाठी, निदानासाठी नाही. म्हणजे कायद्याने विचारलं तर ते खेळणं, आणि उपचार केंद्रात मात्र त्याच्यावर पेशंटच्या फेऱ्या ठरणार. 2020 च्या एप्रिलपासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. खोक्यावरची ती एक ओळ नेमकी त्यातून सटकण्यासाठी असते असं माझं मत झालंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. केंद्राचंही नाही, तिथली मुलं वाईट नव्हती, आकड्यावर विश्वास ठेवणारी होती. आणि यातला एक अपराध माझाही आहे. जन्मभर लोकांच्या काट्याचं शून्य बघत फिरलो, घरातल्या पट्ट्याचं तीन आठवडे बघितलं नाही. पडद्यावर हिरवा आकडा आला की माणूस मवाळ होतो.

सोलापूर जिल्ह्यात काटामारी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गळीत हंगाम आला की शेतकरी पहिल्यांदा काट्याकडे बोट दाखवतो, बाहेरच्या काट्यावर ट्रॉली तोलून मग कारखान्यात नेतो. म्हणून तर वे-ब्रिजला दरवर्षी वैधमापन खात्याची तपासणी आणि मुद्रांकन लागतं. निरीक्षक येतो, प्रमाणित वजनं येतात, आम्ही वीस-वीस किलोचे ठोकळे घाम गाळत चारी कोपऱ्यांवर फिरवतो, सील लागतं. लक्ष्मी मंडईतल्या भाजीवालीच्या काट्यालासुद्धा हे चुकत नाही. एक किलो वांग्याला जेवढी शिस्त आहे तेवढी माझ्या बायकोच्या गुडघ्याला नाही, एवढंच माझं म्हणणं.

पट्टे बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाची बोटं किती उघडतात हे रोज घरी मोजायचं असेल, झोपेत श्वास अडतो का बघायचं असेल, हाताची थरथर दिवसात कधी वाढते हे डॉक्टरांना दाखवायचं असेल, तर अशा मऊ पट्टीसारखी सोय नाही. श्वासाच्या कामात तर आकडा थोडा सरकला तरी बिघडत नाही, कारण तिथे छाती मिनिटाला किती वेळा फुगली एवढंच मोजायचं असतं. वर-खाली होणं दिसलं की झालं. कोन मोजायचा असला की मात्र शून्य लागतं. हा फरक आपल्या लेखात यायला हवा होता. एकाच पट्टीने सगळं होतं असा समज त्यातून होतो.

दुसरीही एक जात आहे. दोन वीजवाहक थरांच्या मध्ये रबर ठेवायचं आणि ताणल्यावर त्यांची विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवायची ताकद, किती बदलली ते मोजायचं. बदल लहान येतो, पण जाताना-येताना एकच आकडा देण्यात ती कार्बनवाल्यापेक्षा बरी. उपचार केंद्रांनी पट्टा घेताना निदान एवढं तरी विचारावं, की आत काय आहे.

आता थोडं गावाबद्दल. आमच्या शेजारचे मामा चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. माझ्या ओट्यावर फळ्यांचा प्रयोग चालला असता ते येऊन बसायचे. पट्टा हातात घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंनी ओढला, उलटा केला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "ही वरून चिकटवलीया. कापडातच घातली असती तर सरकली नसती." मग त्यांनीच सांगितलं, ताणा-बाणा उभा-आडवा असतो तेव्हा कापड फार ताणत नाही, चादर ताणते का? बनियन ताणतं, कारण त्यात फासे असतात, फासा उघडतो आणि मिटतो. चांदी चढवलेलं नायलॉनचं सूत फाशांच्या विणकामात घातलं की ताणताना फासे एकमेकांना कमी-जास्त टेकतात आणि रोध बदलतो. असे विणलेले सेन्सर जगात होत आहेत, हे मी नंतर वाचलं. मामांनी ते वाचलेलं नव्हतं, बोटांनी ओळखलं.

ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, जिथे पूर्व भागात दर दोन घरांमागे एकाला सुताची जात हाताने ओळखता येते, जिथे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि एप्रिल-मेमध्ये फुकटात मिळणारी त्रेचाळीस अंशांची भट्टी आहे, तिथे असले पट्टे नुसते भाड्याने का यावेत? विणायचं राहू द्या. निदान तपासायला तरी इथे सुरुवात करता येईल. एक मोटर, एक क्रँक, पट्टा दहा हजार वेळा ओढायचा, मध्ये मध्ये धुवायचा, उन्हात ठेवायचा, घामाचं पाणी शिंपडायचं आणि आकडे लिहायचे. शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या प्रोजेक्टला याहून सोपं आणि उपयोगी काही सुचत नाही. मोटर आणि क्रँक माझ्याकडे पडून आहे, घेऊन जावी.

आणि केंद्रांनी दुसरं काही नाही तरी एवढं करावं. पेशंटला पट्टा देताना त्याच्यासमोर पाय सरळ ठेवून शून्य दाखवावं. आठवड्यातून एकदा प्लास्टिकच्या कोनमापकाने मोजून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. थोड्या वेळाचं काम आहे. कोनमापक वे-ब्रिजसारखा महाग नाही.

आपल्या लेखात शेवटी 'हा सेन्सर वेदनाही मोजतो' असं वाक्य होतं. मोजत नाही. तो फक्त लांबी मोजतो, तीही मघाशी सांगितल्या पद्धतीने. कृपया खुलासा छापावा. माझा मेव्हणा अजून वाट बघतोय.

माझं नाव छापू नये ही विनंती. मुलगा याच धंद्यात आहे आणि गिऱ्हाईकं साखर कारखान्यांचीच आहेत.

आपला,
एक काटेवाला
अशोक चौक परिसर, सोलापूर

ता. क. : कोणाकडे असा पट्टा असेल तर संध्याकाळी पाच ते सात माझ्या ओट्यावर घेऊन यावा, पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. फळ्या आणि गुण्या तयार आहेत, पैसे घेत नाही. गुरुवारी येऊ नये. गुरुवारी आम्ही अक्कलकोटला जातो, आणि हिला एसटीची पहिली पायरी चढायला अजून वेळ लागतो, म्हणून स्टँडवर लवकर जावं लागतं. काल त्या बाईंनी मोजलं, 101.